पिसाचा खुला माहितीसंच: क्रमवारीच्या दारातून आत न जाता

ओईसीडी, म्हणजेच आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना, १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांची जी 'पिसा' चाचणी घेते, तिचे निकाल आपल्यापर्यंत बहुधा वर्तमानपत्रातील एका क्रमवारीच्या रूपानेच पोहोचतात: सिंगापूर पहिले, फिनलंड घसरले, अमुक देश इतक्या क्रमांकांनी वर आला. या क्रमवारीमागचा सगळा माहितीसंच प्रश्नावल्या, कोडबुके (प्रत्येक स्तंभाचा अर्थ सांगणाऱ्या याद्या) आणि तांत्रिक अहवालांसह संघटनेच्या संकेतस्थळावरून कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतो, हे मात्र आपल्याकडील शिक्षणशास्त्राच्या अनेक विद्यार्थ्यांना प्रबंधाचा विषय ठरवून झाल्यावर कळते. एम.एड. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना तौलनिक शिक्षण शिकवताना मी ही सेवा गेली अनेक वर्षे वापरत आले आहे आणि तिच्या बळावर उभे राहिलेले चांगले आणि फसलेले असे दोन्ही प्रकारचे प्रबंध मी पाहिले आहेत. माझे मत आधीच सांगते. अभ्यासकासाठी इतकी उदार आणि इतक्या काटेकोरपणे मांडलेली दुसरी सेवा शोधणे कठीण आहे, पण 'देश' हेच तुलनेचे एकक मानून तिच्यात शिरणारा अभ्यासक बहुतेक वेळा चुकीच्या निष्कर्षाशी पोहोचतो.

प्रथम हाती काय येते ते पाहू. पिसा २००० साली ३२ देशांत सुरू झाली, पुढे दर तीन वर्षांनी होत राहिली, आणि महामारीमुळे २०२१ ची फेरी २०२२ मध्ये घेण्यात आली. त्या फेरीत ८१ देश आणि अर्थव्यवस्थांमधील सुमारे ६ लाख ९० हजार विद्यार्थ्यांनी भाग घेतला. पहिल्या फेरीपासूनच्या सर्व फेऱ्यांची माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे. विद्यार्थ्यांची प्रश्नावली, शाळाप्रमुखांची प्रश्नावली, काही देशांत शिक्षकांचीही प्रश्नावली, आणि प्रत्येक चाचणी-प्रश्नाला मिळालेले प्रतिसाद, अशा त्यांच्या स्वतंत्र फाइली असतात. २०२२ च्या विद्यार्थी-फाइलमध्ये सहा लाखांहून अधिक ओळी आणि हजाराहून अधिक स्तंभ आहेत, त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर ती उघडण्याचा हट्ट कोणी धरू नये. ज्यांना एवढ्या खोलात जायचे नाही त्यांच्यासाठी संकेतस्थळावरच 'डेटा एक्सप्लोरर' आहे. त्यात विषय, वर्ष, देश आणि चल (म्हणजे तपासायचा घटक) निवडले की प्रमाण त्रुटीसह, म्हणजे नमुन्यामुळे येणाऱ्या अनिश्चिततेच्या मापासह, तयार तक्ता मिळतो. वर्गात एखाद्या प्रश्नाचा पहिला अंदाज घेण्यासाठी मी तोच वापरते. याखेरीज जुन्या फेऱ्यांतील काही चाचणी-प्रश्न खुले केलेले आहेत. २००० मधील चाड सरोवराच्या पाणीपातळीचा आलेख किंवा २०१८ मधील रापा नुई बेटावरचा वाचन-घटक भाषेच्या शिक्षकांनी अवश्य पाहावा. एकाच घटनेवरची तीन वेगवेगळी लेखने शेजारी ठेवून, त्यांपैकी कोणते किती विश्वासार्ह आहे असे १५ वर्षांच्या मुलाला विचारणारा प्रश्न आपल्या प्रश्नपत्रिकांत क्वचितच आढळतो.

या सेवेचा माझ्या लेखी सर्वांत मौल्यवान भाग म्हणजे तिचा तांत्रिक अहवाल, आणि नेमका तोच सर्वांत कमी वाचला जातो. नमुना कसा निवडला, कोणत्या शाळा वगळल्या, भाषांतर कसे पडताळले आणि कोणत्या देशाचा प्रतिसाद अपेक्षेपेक्षा कमी राहिला, हे सगळे त्यात लिहिलेले असते. चाचणीच्या मूळ आवृत्त्या इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन भाषांत तयार होतात, प्रत्येक देशात दोन स्वतंत्र भाषांतरे करून त्यांचा मेळ घालणे अपेक्षित असते, आणि त्यानंतर पुन्हा बाहेरून पडताळणी होते. आपली उणीव आपणच नोंदवून ठेवण्याचा हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. २०२२ च्या निकालात ऑस्ट्रेलिया, कॅनडा, नेदरलँड्स, ब्रिटन, अमेरिका अशा अनेक देशांच्या नावांपुढे तारका आहे, कारण नमुन्याचे एक किंवा अधिक निकष तेथे पूर्ण झाले नाहीत. वर्तमानपत्रांच्या तक्त्यांतून ती तारका बहुधा गळून पडते आणि दुर्दैवाने काही प्रबंधांतूनही गळून पडते.

वापरणाऱ्याला करावी लागणारी मेहनत मात्र कमी नाही. प्रत्येक विद्यार्थी दोन तासांत एकूण प्रश्नसंचाचा केवळ एक भाग सोडवतो, म्हणून त्याला एकच निश्चित गुण दिला जात नाही. त्याच्या क्षमतेचा संभाव्य पल्ला दाखवणारी अनेक मूल्ये दिली जातात. २०१२ पर्यंत ती पाच होती आणि २०१५ पासून दहा आहेत. विश्लेषण या दहांपैकी प्रत्येक मूल्यावर स्वतंत्रपणे करून निष्कर्ष शेवटी एकत्र करायचे असतात. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी प्रत्येक विद्यार्थ्याच्या मूल्यांची सरासरी काढून तीच गुण म्हणून वापरली. निकाल अतिशय सुबक आले, आणि ते इतके सुबक का आले हे मला एका ज्येष्ठ सांख्यिकी-शिक्षकांनी समजावून सांगेपर्यंत कळले नाही: सरासरी काढताच मोजमापातील अनिश्चितता नाहीशी होते आणि नसलेले फरकही ठळक दिसू लागतात. त्यात भर म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याला नमुन्यातील भार असतो, म्हणजे तो किती विद्यार्थ्यांचे प्रतिनिधित्व करतो हे सांगणारी संख्या, आणि प्रमाण त्रुटी काढण्यासाठी ८० पर्यायी भारांचा संच वापरावा लागतो. आर या सांख्यिकी संगणकभाषेतील 'इंट्सव्ही' हे पॅकेज किंवा आयईए या आंतरराष्ट्रीय शैक्षणिक मूल्यमापन संस्थेचा आयडीबी अॅनलायझर हे काम नीट करतात आणि दोन्ही विनामूल्य आहेत. मार्गदर्शकाने विद्यार्थ्याला हे सुरुवातीलाच शिकवले नाही, तर पुढील सगळी मेहनत वाया जाण्याची शक्यता असते.

आता मुख्य हरकतीकडे वळते, कारण या सेवेचे परीक्षण केवळ सोयी-गैरसोयींपुरते ठेवणे मला योग्य वाटत नाही. पिसाची मांडणी वापरणाऱ्याला नकळत देशाकडे ढकलते. अहवालातील पहिला तक्ता देशांचा असतो आणि डेटा एक्सप्लोररमध्येही देश निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. परंतु या यादीतील 'देश' नेहमी एकाच जातीची वस्तू नसतो, आणि चीनचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. २०१२ मध्ये केवळ शांघाय शहर सहभागी होते आणि गणितात त्याचे मध्यमान ६१३ होते. २०१५ मध्ये बीजिंग, शांघाय, जिआंग्सू आणि ग्वांगडोंग असा गट सहभागी झाला आणि गणिताचे मध्यमान ५३१ आले. २०१८ मध्ये ग्वांगडोंगच्या जागी झेजियांग आला आणि मध्यमान ५९१ झाले. तीन वर्षांत ६० गुणांची वाढ कोणत्याही शिक्षणव्यवस्थेत घडत नसते. ज्यांची तुलना चालली होती ती एककेच वेगळी होती. शांघायच्या बाबतीत आणखी एक आक्षेप त्या वेळी जाहीरपणे घेतला गेला होता: चीनमधील हुकोऊ या नोंदणीपद्धतीमुळे ग्रामीण भागातून आलेल्या कष्टकऱ्यांच्या अनेक मुलांना शहरात पुढील शिक्षण घेता येत नाही, आणि त्यामुळे १५ व्या वर्षी ती शहरातील शाळेत, आणि पर्यायाने नमुन्यात, आढळतच नाहीत.

नमुन्यात कोण नाही हा प्रश्न व्हिएतनामच्या बाबतीत अधिक तीव्र होतो. २०१२ मध्ये व्हिएतनामने गणितात ५११ आणि विज्ञानात ५२८ असे मध्यमान मिळवले, आणि इतक्या कमी उत्पन्नाच्या देशाने अनेक श्रीमंत देशांना मागे टाकल्यामुळे जगभरातील शिक्षणतज्ज्ञांचे लक्ष तिकडे वेधले गेले. पण पिसा केवळ सातवी किंवा त्यापुढील इयत्तेत शिकणाऱ्या मुलांची चाचणी घेते, आणि त्या वर्षी व्हिएतनाममधील १५ वर्षांच्या एकूण मुलांपैकी सुमारे ५६ टक्के मुलेच तिच्या कक्षेत येत होती. २०१५ मध्ये हे प्रमाण ४९ टक्के झाले. व्हिएतनाममधील शाळांत काही चांगले घडत नव्हते असा याचा अर्थ मी लावत नाही, कारण शाळेत टिकून राहिलेल्या मुलांची कामगिरी खरोखरच दखल घेण्याजोगी आहे. मात्र 'व्हिएतनामची मुले' आणि 'व्हिएतनामच्या शाळांत पंधराव्या वर्षापर्यंत टिकलेली मुले' ही दोन विधाने एकच मानणाऱ्या संशोधनावर धोरण उभे राहू नये. व्याप्तीचे हे आकडे पिसाच्या अहवालातच दिलेले असतात, पण परिशिष्टात. माझ्या मते ते पहिल्या तक्त्यात मध्यमानाच्या शेजारी छापले पाहिजेत.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे आणि विद्यार्थ्यांना ती समजावून देताना मी एक संपूर्ण तासिका खर्च करते. गणिताविषयीचा आत्मविश्वास किंवा आवड मोजणारे प्रश्न घेतले, तर एका देशाच्या आत सर्वसाधारणपणे असे दिसते की अधिक आत्मविश्वास असलेल्या विद्यार्थ्यांचे गुणही अधिक असतात. तोच प्रश्न देशांच्या सरासरीवर मांडला की चित्र उलटते: जपान आणि कोरियातील विद्यार्थी स्वतःविषयी फारसे चांगले मत नोंदवत नाहीत आणि गुणांत मात्र वर असतात, तर अनेक कमी गुणांच्या देशांतील विद्यार्थी स्वतःला चांगले समजतात. 'सहमत' या शब्दापुढे खूण करताना प्रत्येक समाजातील मूल स्वतःला कोणाशी ताडून पाहते, आणि स्वतःची स्तुती करणे तेथे कितपत शिष्टसंमत मानले जाते, यावर उत्तर अवलंबून असते. २०१२ मध्ये काल्पनिक शिक्षकांची छोटी वर्णने देऊन उत्तरांची ही पट्टी जुळवण्याचा प्रयत्न पिसाने स्वतः केला होता, म्हणजे रचनाकारांनाही या अडचणीची जाणीव आहे. अभ्यासकाने यातून घ्यायचे ते एवढेच की दोन देशांच्या सरासरीतील सहसंबंध हा विद्यार्थ्यांविषयीचा पुरावा नसतो.

घरच्या परिस्थितीच्या निर्देशांकाविषयीही थोडे लिहिले पाहिजे. आईवडिलांचे शिक्षण, त्यांचा व्यवसाय आणि घरातील वस्तू यांवरून तो तयार होतो, आणि घरातील वस्तूंमध्ये पुस्तकांच्या संख्येला बरेच महत्त्व आहे. एक मीटर लांबीच्या फळीवर साधारण ४० पुस्तके मावतात असे विद्यार्थ्याला सांगितले जाते, आणि मासिके, वर्तमानपत्रे व शालेय पाठ्यपुस्तके मोजू नयेत अशी सूचना असते. ही सूचना ज्या घरांत पुस्तकांची फळी असते त्या घरांचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली आहे. जिल्हा परिषद शाळेत शिकणाऱ्या आपल्या कितीतरी मुलांच्या घरी बालभारतीची पाठ्यपुस्तके हीच एकमेव पुस्तके असतात, आणि ती धाकट्या भावंडांसाठी जपून ठेवली जातात. ती वगळायची म्हटले तर अशा घराचे उत्तर शून्याकडे झुकते, आणि ज्या घरात खरोखर एकही छापील कागद नाही त्या घराशी ते एकरूप होते.

भारताचा पिसाशी प्रत्यक्ष संबंध अल्पकाळचा आहे. २००९ च्या विस्तारित फेरीत तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही दोन राज्ये सहभागी झाली. २०११ च्या अखेरीस आलेल्या निकालात ७४ सहभागींमध्ये दोन्ही राज्ये जवळजवळ तळाशी होती: वाचनात तमिळनाडूचे मध्यमान ३३७ आणि हिमाचलचे ३१७ होते, गणितात अनुक्रमे ३५१ आणि ३३८. प्रश्न भारतीय संदर्भाबाहेरचे होते असा आक्षेप सरकारी पातळीवर घेण्यात आला आणि भारत त्यानंतर बाहेर पडला. २०१९ मध्ये पुढील फेरीसाठी केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये आणि चंडीगडच्या शाळा उतरवण्याचे ठरले होते, पण २०२२ च्या यादीत भारत नाही. संदर्भाचा आक्षेप संपूर्णतः निराधार आहे असे मी म्हणणार नाही, परंतु तो पुराव्याने सिद्ध करण्याचे साधन आपल्या हाती होते. कोणत्या प्रश्नांवर आपली मुले तेवढ्याच क्षमतेच्या इतर देशांतील मुलांपेक्षा अधिक चुकली हे प्रश्ननिहाय तपासता येते, आणि अशी तपासणी सविस्तरपणे करून ती लोकांपुढे ठेवणे हे क्रमवारीवर नाराज होण्यापेक्षा कितीतरी उपयुक्त ठरले असते. चंडीगड आणि निवडक केंद्रीय शाळांनाच 'भारत' म्हणून पाठवण्याचा विचारही मला तितकाच खटकतो, कारण शांघायच्या बाबतीत जो आक्षेप आपण घेतो तो आपल्यालाही लागू झाला असता.

या सेवेची उणीव भरून काढणारी दुसरी पद्धत आपल्याच देशात घडली आहे, म्हणून तिचा उल्लेख येथे आवश्यक आहे. १९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांतून काम सुरू केलेल्या 'प्रथम' या संस्थेने २००५ पासून 'असर' हे सर्वेक्षण चालवले आहे. त्यात चाचणी शाळेत होत नाही, घरी होते. प्रत्येक ग्रामीण जिल्ह्यातील ३० गावे आणि प्रत्येक गावातील २० घरे निवडली जातात, आणि ५ ते १६ वयाच्या मुलाशी एकट्याने बसून अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचून घेतली जाते. गणितातही अंकओळखीपासून हातच्याच्या वजाबाकीपर्यंत आणि पुढे भागाकारापर्यंतच जायचे असते. हे साधन फार थोडे मोजते, आणि पंधराव्या वर्षी मूल किती खोल विचार करते याविषयी ते काहीच सांगत नाही. पण शाळेत नसलेले मूल त्याच्या नजरेतून सुटत नाही, आणि निकालाचा कागद गावातल्या आईलाही समजतो. केनिया, टांझानिया आणि युगांडातील 'उवेझो' हे सर्वेक्षण याच धर्तीवर उभे राहिले, आणि अशा सर्व देशांतील संस्था आज 'पाल नेटवर्क' या नावाने एकत्र काम करतात. पुढे ओईसीडीनेही विकसनशील देशांसाठीच्या आपल्या कार्यक्रमात १४ ते १६ वर्षांच्या शाळाबाह्य मुलांची घरी जाऊन चाचणी घेण्याचा भाग जोडला. तौलनिक शिक्षणात कल्पना नेहमी श्रीमंत देशांकडून गरीब देशांकडेच जातात, हा समज दुरुस्त करण्यासाठी मी हे उदाहरण दरवर्षी शिकवते. त्याच तासिकेत ताराबाई मोडकांचेही नाव निघते. माँटेसोरी पद्धतीची महाग साधने बाजूला ठेवून त्यांनी बोर्डी आणि कोसबाडच्या परिसरात शिंपले, बिया, पाने आणि खडे यांवर बालशिक्षण उभे केले, आणि परकी पद्धत स्वीकारताना तिचा कोणता भाग ठेवायचा व कोणता सोडायचा याचे इतके स्पष्ट उत्तर मी अन्यत्र क्वचितच पाहिले आहे.

तर ही सेवा घ्यावी का? अवश्य घ्यावी, पण एका अटीवर. मार्क ब्रे आणि मरे थॉमस यांनी १९९५ मध्ये तुलनेच्या पातळ्यांचा एक घन, म्हणजे घनाकृती आराखडा, मांडला होता. त्यात खंड, देश, राज्य, जिल्हा, शाळा, वर्ग आणि व्यक्ती अशा सात भौगोलिक पातळ्या आहेत आणि एका अभ्यासात एकाहून अधिक पातळ्या याव्यात असा त्यांचा आग्रह आहे. पिसाच्या माहितीसंचात शाळेची ओळख-संख्या असते, त्यामुळे देशाच्या आतल्या शाळाशाळांतील अंतर मोजता येते, आणि 'कोणता देश वर' या प्रश्नापेक्षा 'कोणत्या देशात मुलाचे गुण त्याच्या शाळेवर अधिक अवलंबून आहेत' हा प्रश्न या माहितीतून खूप चांगला सुटतो. वर्गाच्या आत काय घडते हे मात्र यात नाही. त्यासाठी जोसेफ टोबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपान, चीन आणि अमेरिकेतील बालशाळांत वापरलेली पद्धत उपयोगी पडते: एका वर्गाचे चित्रीकरण करायचे आणि ते दुसऱ्या देशातील शिक्षकांना दाखवून त्यांचे बोलणे हेच संशोधनाचे साहित्य मानायचे. दोन मोबाइल आणि दोन संयमी शिक्षक मिळाले तर एम.एड.चा विद्यार्थीही हे करू शकतो.

माझी एक विद्यार्थिनी सध्या अक्कलकोट तालुक्यातील कन्नड माध्यमाच्या शाळा आणि बेळगाव परिसरातील मराठी माध्यमाच्या शाळा यांची तुलना करते आहे. राज्य एक आणि भाषा दुसऱ्या राज्याची, अशी दोन्ही बाजूंची स्थिती आहे, आणि देशाचे नाव तुलनेत कोठेच येत नाही. वापराच्या अटी पाहून तिने पिसाच्या विद्यार्थी-प्रश्नावलीतील काही प्रश्न मराठी आणि कन्नडमध्ये आणले आणि दोन शाळांत ते करून पाहिले. पुस्तकांच्या फळीचा प्रश्न वाचून सातवीतल्या एका मुलीने विचारले, "बाई, ताईची जुनी पुस्तके मोजायची का?" तिच्या प्रश्नानंतर आम्ही ती सूचना काढली आणि एका प्रश्नाचे तीन प्रश्न केले: पाठ्यपुस्तके किती, इतर पुस्तके किती, आणि यांपैकी गेल्या महिन्यात घरातल्या कोणी कोणते उघडले.